एमएस्सी आहे, बीएड नाही. अमेरिकेत शाळेत गणित शिकवायचंय, सुरुवात कुठून करू?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारीन विचारीन म्हणत होते, आज विचारतेच. मी न्यू जर्सीत राहते. पुणे विद्यापीठातून बीएस्सी आणि एमएस्सी, दोन्ही गणितात. तिकडे काही वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये नोकरी केली, इकडे आल्यावर मुलं लहान म्हणून घरीच होते, आता दोघंही दिवसभर शाळेत असतात. एच फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या एच वन या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर आहे, ईएडी म्हणजे काम करायचा परवाना आहे.

मुलीच्या शाळेत गणितात मागे पडलेल्या मुलांबरोबर बसायला पालक हवे होते म्हणून जायला लागले आणि ते इतकं आवडलं की आता परत टेस्टिंगकडे वळावंसंच वाटत नाही. मला हायस्कूलला, निदान सातवी-आठवीला तरी गणित शिकवायचंय, पूर्णवेळ, पब्लिक स्कूलमध्ये. एका युनिव्हर्सिटीत चौकशी केली तर त्यांनी दोन वर्षांच्या मास्टर्सचं माहितीपत्रक हातात ठेवलं, फी बघून मी पुढे काही विचारलंच नाही. मग एका मैत्रिणीकडून कळलं की ज्यांच्याकडे डिग्री आहे पण शिक्षणशास्त्राचं शिक्षण नाही त्यांच्यासाठी अल्टरनेट रूट म्हणून रस्ता आहे, आधी नोकरी लागते आणि शिकवता शिकवता सर्टिफिकेट मिळतं.

हे खरं आहे का आणि आपल्या तीन वर्षांच्या बीएस्सीचं इथे काय होतं? कुठल्या परीक्षा द्याव्या लागतात? अजून एक भानगड म्हणजे नवऱ्याची कंपनी त्याला वर्ष-दोन वर्षांत टेक्सासमधल्या डॅलसला पाठवेल असं दिसतंय, म्हणजे इथे केलेलं तिथे चालेल का हाही प्रश्न आहेच. आणि सगळ्यात जास्त मनात येतं ते हे, की काहीही ट्रेनिंग नसताना मी थेट वर्गासमोर उभी राहिले तर त्या मुलांचं नुकसान तर नाही ना होणार. कुणी या रस्त्याने गेलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

खडू_डस्टर

मी न्यू जर्सीतच, याच रस्त्याने आले, हायस्कूलला गणित शिकवते. सविस्तर लिहिते, जरा लांबेल.

आधी हे डोक्यातून काढून टाका की हा चोरवाटेचा प्रकार आहे. आपल्याच राज्याने ऐंशीच्या दशकात हे सुरू केलं, टॉम केन गव्हर्नर होते तेव्हा. त्याआधी शिक्षक मिळाले नाहीत की इमर्जन्सी सर्टिफिकेट देऊन कुणालाही वर्गात उभं करायचे, ना ट्रेनिंग ना कुणाचं लक्ष. त्याऐवजी विषय येणारी माणसं घ्यायची, पण त्यांना मेंटॉर द्यायचा आणि नोकरी करता करता शिकवायचं असं ठरलं. आता देशभर बहुतेक राज्यांत असं काही ना काही आहे, फक्त नावं आणि नियम प्रत्येक राज्याचे वेगळे, म्हणून दुसऱ्या राज्यातल्या बहिणीने किंवा मैत्रिणीने सांगितलेलं आपल्याला जसंच्या तसं लागू पडत नाही.

आपल्याकडे क्रम असा आहे. पहिलं मिळवायचं ते सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी, सगळे नुसतं सीई म्हणतात. म्हणजे राज्य म्हणतं की या बाईंची डिग्री आणि विषय बरोबर आहे, यांना नोकरी शोधायला हरकत नाही. त्यासाठी बॅचलर्स, साधारण ३.० जीपीए (म्हणजे चारपैकी सरासरी गुण), गणिताचे ३० क्रेडिट (कॉलेजातला अभ्यास मोजायचं माप) आणि त्यातले १२ वरच्या पातळीचे, प्रॅक्सिस नावाची शिक्षकांसाठीची गणिताची परीक्षा आणि नोकरीआधीचा ५० तासांचा छोटा कोर्स. गणितातल्या एमएस्सीवाल्यांना क्रेडिटची अडचण सहसा येत नाही. पूर्वी प्रॅक्सिस कोअर नावाची वाचन-लेखन-गणिताची वेगळी परीक्षा असायची, १ जानेवारी २०२५ पासून ती अट आपल्या राज्याने काढली. आणि एडटीपीए म्हणून व्हिडिओ काढून पाठवायचं जे मोठं प्रकरण होतं तेही २०२२ च्या डिसेंबरमध्ये कायदा करून बंद केलं. म्हणजे जुने लेख वाचून घाबरू नका, त्यातलं बरंच आता नाही.

सीई हातात आलं की नोकरी शोधायची. शाळेने घेतलं की प्रोव्हिजनल सर्टिफिकेट निघतं, मग पूर्ण पगारावर शिकवायचं आणि संध्याकाळी किंवा शनिवारी प्रोग्रामचे तास करायचे, ते ५० धरून दोन वर्षांत एकूण ४०० तास. शाळेतला एक अनुभवी शिक्षक मेंटॉर म्हणून मिळतो. दोन वर्षं नीट पार पडली, प्रिन्सिपलचे शेरे चांगले असले की स्टँडर्ड सर्टिफिकेट. मेंटॉरचे पैसे बऱ्याच ठिकाणी आपल्याच पगारातून कापतात, माझे १००० डॉलर कापले होते, ते धरून ठेवा. तेव्हा मला शरीरशास्त्र आणि स्वच्छतेवरची एक छोटी परीक्षा पण द्यावी लागली होती, गणित शिकवायला ती कशाला हा प्रश्न मनात ठेवून देऊन टाकायची. मी नागरिक नव्हते, तर नागरिक नसलेल्यांसाठीचं वेगळं शपथपत्र भरलं. अर्ज भरताना हे नीट बघा, चुकीचा फॉर्म गेला की अर्ज नुसता पडून राहतो.

प्रॅक्सिसबद्दल एक. एमएस्सी झालंय म्हणून न वाचता जाऊ नका. प्रश्न काही अवघड नसतात, पण आपण कॉलेजात ज्याला हातही लावला नाही असं बरंच असतं, डेटाचे आलेख, संभाव्यता, भूमितीतली रूपांतरणं, शिवाय स्क्रीनवरचा ग्राफिंग कॅल्क्युलेटर वापरायचा असतो आणि आपल्या पिढीला त्याची सवय नाही. ती परीक्षा घेणाऱ्या ईटीएस या संस्थेच्या साइटवर सराव आहे, तो करून जा.

मुलांचं नुकसान होईल का, हा तुमचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. पहिल्या वर्षी मी फळ्यावर वर्गसमीकरण सोडवत होते, भराभरा, आपल्याकडे सोडवतात तसंच. मागे वळले तर निम्मा वर्ग थांबलेला. कारण काय तर b ची किंमत उणे तीन होती, आणि मुलांनी कॅल्क्युलेटरवर कंस न घालता उणे तीनचा वर्ग केला होता, त्याने उणे नऊ दाखवलं. त्यांच्या लेखी कॅल्क्युलेटर खरा आणि मी चुकीची. मला वाटत होतं की सूत्र समजलेलं नाही, मी सूत्रच परत परत सांगत होते. मेंटॉर बाई मागच्या बाकावर बसून बघत होत्या. तास संपल्यावर त्यांनी फक्त एवढंच विचारलं की त्यांच्या स्क्रीनवर काय दिसतंय ते तू पाहिलंस का. आता मी कुठलंही उदाहरण सुरू करायच्या आधी वर्गातून एक चक्कर मारते, वह्या बघते, कॅल्क्युलेटर बघते. हे मला कुठल्या पुस्तकातून मिळालं नसतं आणि एकटीने शिकायला गेले असते तर त्या वर्षीच्या पोरांचं सगळं वर्ष गेलं असतं.

म्हणून माझं मत असं की कुठला रस्ता स्वस्त आणि कुठला लवकर संपतो हे मागाहून बघा. पहिल्या वर्षी आपल्या वर्गात येऊन कोण बसणार, किती वेळा येणार, हे आधी विचारा.

टेक्सासकर

खडू ताईंनी न्यू जर्सीचं छान लिहिलंय, मी डॅलसच्या बाजूचं सांगतो. मी केमिकल इंजिनिअर, आता मिडल स्कूलला सायन्स.

इकडे याला सगळे एसीपी म्हणतात, अल्टरनेटिव्ह सर्टिफिकेशन प्रोग्राम. प्रोग्राम चालवणारे तऱ्हेतऱ्हेचे आहेत, युनिव्हर्सिट्या आहेत, राज्याची रीजनल सर्व्हिस सेंटर्स आहेत, काही स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्था, स्वतःच चालवतात आणि नफ्यासाठी चालणाऱ्या खाजगी कंपन्याही आहेत, त्यांच्या जाहिराती तुम्हाला फोनवर दिवसरात्र दिसतील. प्रवेशाला बॅचलर्स, जीपीए साधारण २.५, आणि गणित किंवा सायन्स वरच्या वर्गांना शिकवायचं तर त्या विषयाचे १५ क्रेडिट नाहीतर विषयाची परीक्षा आधी पास. परीक्षेचं नाव टेक्सेस, प्रॅक्सिस नाही. विषयाची परीक्षा झाली आणि वर्गात जाऊन निरीक्षणाचे तास झाले की प्रोग्राम पत्र देतो, त्यावर नोकरी शोधायची, मग एक वर्षाचं इंटर्न सर्टिफिकेट. ते वर्ष पगारी. त्यात प्रोग्रामचा फील्ड सुपरवायझर येऊन तास बघतो. पीपीआर म्हणून अध्यापनशास्त्राची परीक्षा असते, ती पण पास व्हावी लागते, मग स्टँडर्ड.

आता कळकळीने सांगतो, जाहिरातीत 'आत्ता सुरू करा, पैसे नंतर' असं लिहिलेलं दिसलं तर तिथेच सही करू नका. सुरुवातीला थोडे पैसे घेतात आणि नोकरी लागली की उरलेले हजारो डॉलर पगारातून हप्त्याने जातात, करार वाचल्याशिवाय ते कळत नाही. माझ्याबरोबरच्या एका मुलीचा सुपरवायझर अख्ख्या सेमिस्टरमध्ये जेवढ्यास तेवढं आला, पंधरा मिनिटं दाराशी उभा राहून चेकलिस्ट भरली आणि गेला. ती मुलगी विषयात माझ्यापेक्षा चांगली होती. तिला वर्ग शांत कसा करायचा एवढंच कुणी दाखवलं नाही, मार्चमध्ये सोडून गेली आणि मुलांनी उरलेलं वर्ष सबवर, म्हणजे बदली शिक्षकांवर काढलं. टेक्सास एज्युकेशन एजन्सीच्या साइटवर प्रत्येक प्रोग्रामचा दर्जा लिहिलेला असतो, मान्यता पूर्ण आहे की ताकीद दिलेली आहे, पास होणाऱ्यांचं प्रमाण काय, सगळं उघड आहे. ते आधी बघा आणि मग फोन करा.

इकडे अजून एक प्रकार दिसेल, २०१५ च्या एका कायद्यामुळे बरीच डिस्ट्रिक्ट स्वतःला डिस्ट्रिक्ट ऑफ इनोव्हेशन ठरवून सर्टिफिकेट नसलेल्यांनाही घेऊ शकत होती. कुणी म्हणेल कशाला परीक्षा न् प्रोग्राम, असंच लागा. नका लागू. राज्य आता ते आवळायला लागलंय, आणि तसं लागलेल्या माणसाला वाली कुणी नसतो.

न्यू जर्सीचं इथे चालेल का, तर स्टँडर्ड सर्टिफिकेट घेऊन आलात तर बऱ्यापैकी. कागदपत्रं तपासून घ्यायची, एक वर्षाचं सर्टिफिकेट मिळतं, त्या वर्षात टेक्सासच्या परीक्षा द्यायच्या. पण अर्धवट सोडून आलात, म्हणजे तिकडचं प्रोव्हिजनल आणि प्रोग्राम निम्मा, तर इथे जवळजवळ पहिल्यापासून सुरू. राज्याराज्यांत आपापसात करार आहेत, पण ते पूर्ण झालेल्या सर्टिफिकेटला उपयोगी, चालू असलेल्याला नाही. तेव्हा नवऱ्याचं वर्षभरात नक्की होणार असेल तर तिकडे ४०० तासांत उडी घेऊ नका.

शेवटचा_बाक

मी जरा वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. मी कॅलिफोर्नियात स्पेशल एज्युकेशनला आहे आणि माझ्या शाळेत दर वर्षी इंटर्न क्रेडेन्शियलवर, म्हणजे शिकवता शिकवता शिकणाऱ्यांच्या तात्पुरत्या सर्टिफिकेटवर आलेली माणसं बघते. मनाने सगळी चांगली. पण आमच्याकडची मुलं अशी की प्रत्येकाचा आयईपी, म्हणजे त्या मुलासाठी केलेला शिक्षणाचा आराखडा वेगळा, तो कायदेशीर कागद आहे, त्यात लिहिलंय की या मुलाला परीक्षेला जास्त वेळ द्यायचा, याला प्रश्न वाचून दाखवायचा, आणि नवीन माणसाला ऑगस्टमध्ये अशा कागदांचा गठ्ठा देऊन सोमवारपासून वर्ग तुझा म्हणून सांगतात. नियम कागदावर चांगले आहेत, इंटर्नला वर्गात जायच्या आधी १२० तासांचं प्रशिक्षण हवं, वर्षाला १४४ तास मदत आणि देखरेख हवी, आणि इंग्रजी शिकत असलेल्या मुलांसाठी आणखी ४५ तास. पण हे तास कोण देतं आणि कसे देतं यावर सगळं आहे. कुठे सहकारी खरंच येऊन बसतात, कुठे सगळे तास मीटिंगांमध्येच भरले जातात.

मी स्वतः रेसिडेन्सी केली. हा पण पर्यायी रस्ताच, फक्त यात अख्खं वर्ष एका अनुभवी शिक्षकाच्याच वर्गात काढायचं. सुरुवातीला नुसतं बघायचं, मग एक गट आपल्याकडे, मग एक तास, आणि वसंतात जवळजवळ पूर्ण दिवस आपण, ते मागे. थोडा स्टायपेंड मिळतो, त्यात घर चालत नाही हे खरं आहे, आणि पुढे काही वर्षं त्याच डिस्ट्रिक्टमध्ये शिकवायचा करार असतो. बॉस्टन आणि शिकागोकडे २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत असे प्रोग्राम सुरू झाले, डॉक्टरांच्या रेसिडेन्सीवरूनच घेतलेली कल्पना. ज्यांच्या घरात दुसरा पगार आहे त्यांनी याचा जरूर विचार करावा असं मला फार वाटतं, पाटीपेन्सिल ताई, तुम्ही त्यातल्याच आहात.

आमच्याकडे आता बॅचलर्स असलं की वेगळी बेसिक स्किल्सची परीक्षा लागत नाही आणि विषयाचं ज्ञान बऱ्याचदा कॉलेजच्या कोर्सेसवरूनही दाखवता येतं, पूर्वी बऱ्याच जणांना सीसेट नावाची विषयाची परीक्षा द्यावी लागायची. हे चांगलंच झालं. तरी माझं म्हणणं एवढंच की परीक्षा कमी झाल्या म्हणून काम सोपं झालेलं नाही. वर्गात बसलेल्या मुलाचं सहावीचं वर्ष एकदाच येतं.

टेक्सासकर

रेसिडेन्सीबद्दल पूर्ण सहमत. फक्त सगळ्यांना एक वर्ष स्टायपेंडवर काढणं जमत नाही. माझ्या घरी एकच पगार होता, मला तो रस्ता बंदच होता. अशा लोकांसाठी एसीपी नसता तर मी आज शाळेत नसतो. प्रोग्राम चांगला निवडला तर यातही माणूस तयार होतो.

शेवटचा_बाक

हो, ते मान्य. माझा राग त्या रस्त्याने येणाऱ्यांवर नाहीच. कमी पगारात लांबून येतात, शनिवारी कोर्स करतात आणि तरी रविवारी वर्ग सजवायला शाळेत असतात. राग आहे तो त्यांना एकटं सोडणाऱ्यांवर.

निशिगंध_७

एच फोर ईएडीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते, मीही त्यावरच आहे. ज्यांच्या जोडीदाराचं आय १४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर आहे त्यांना २०१५ पासून ही सोय मिळाली हे माहीत असेलच, आणि ईएडी असलं की स्कूल डिस्ट्रिक्टला तुमच्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही, हा मोठा फायदा. पण एक बदल नीट लक्षात ठेवा. पूर्वी रिन्यूअलचा अर्ज वेळेत टाकला की जुनं कार्ड आपोआप पुढे चालायचं. ३० ऑक्टोबर २०२५ किंवा त्यानंतर टाकलेल्या अर्जांना ती आपोआप मुदतवाढ मिळत नाही. म्हणजे कार्ड फेब्रुवारीत संपलं आणि नवीन आलं नाही तर त्या दिवसापासून शिकवायचं थांबवावं लागेल, भर वर्षात, आणि वर्ग सबच्या हाती. मुदत संपायच्या १८० दिवस आधीपासून अर्ज टाकता येतो, पहिल्याच दिवशी टाका. आणि नोकरी घेताना प्रिन्सिपलना आधीच सांगून ठेवा, लपवू नका, त्यांनाही सोय करायला वेळ मिळतो.

सरकारी शाळा तुमच्यासाठी एच वन करेल या भरवशावर कुणी राहू नका. करणारी डिस्ट्रिक्ट आहेत, पण फार थोडी.

पाटीपेन्सिल

बापरे, किती छान लिहिलंत सगळ्यांनी, एवढं कुठेच मिळालं नव्हतं. खूप खूप आभार. तीन वर्षांच्या बीएस्सीचं अजून कुणी नीट सांगाल का? आणि डॅलसचं नक्की व्हायला अजून वर्ष तरी जाईल असं आज कळलं, तोपर्यंत मी काय करू? नुसतं बसून राहायचं नाहीये.

खडू_डस्टर

तीन वर्षांचं सांगते. राज्य तुमची भारतातली गुणपत्रिका स्वतः बघत बसत नाही, परदेशी डिग्र्या तपासणाऱ्या संस्थांची एनएसीईएस म्हणून संघटना आहे, तिच्या सदस्य संस्थांकडून इव्हॅल्युएशन करून आणायला सांगतं. त्यात कोर्स बाय कोर्स असंच मागवा, नुसत्या डिग्रीचं स्वस्तातलं घेतलं तर त्यात क्रेडिट दिसत नाहीत आणि परत पैसे जातात. तीन वर्षांची एकटी बीएस्सी काही संस्था अमेरिकन बॅचलर्सच्या बरोबरीची धरतात, काही फक्त तीन वर्षं झाली असं लिहितात. कॉलेजला नॅकचा कुठला दर्जा होता, क्लास कुठला, यावरही काही ठिकाणी ठरतं. पण तुमच्याकडे एमएस्सी आहे, दोन्ही मिळून पाच वर्षं, त्यामुळे बॅचलर्सचा प्रश्न सुटतो, बऱ्याचदा मास्टर्सही धरतात. ते धरलं तर पगारातही फरक पडतो, कारण डिस्ट्रिक्टच्या पगाराच्या तक्त्यात मास्टर्सवाल्यांचा रकाना वेगळा असतो आणि तो पहिल्या वर्षापासून लागतो. नेमणुकीचं पत्र आलं की कुठल्या रकान्यात टाकलंय ते बघाच, मागून बदलून घ्यायला फार त्रास.

आपले साठ-पासष्ट टक्के बघून इथे जीपीए कमी पडेल म्हणून घाबरायचं कारण नाही. इव्हॅल्युएशनवाल्यांना आपल्याकडे फर्स्ट क्लास कशाला म्हणतात ते माहीत असतं, त्या हिशोबाने बदलतात. ट्रान्स्क्रिप्ट मात्र विद्यापीठाकडून थेट किंवा सीलबंद जावी लागते, घरातल्या गुणपत्रिका स्कॅन करून चालत नाहीत. पुणे विद्यापीठाला ऑनलाइन अर्ज करता येतो. आज अर्ज टाका, हेच काम सगळ्यात जास्त रेंगाळतं. आणि लग्नानंतर नाव बदललं असेल तर त्याचे कागद सोबत ठेवा, आपल्या बायकांचं नेमकं तिथेच अडतं.

आता वर्षभर काय करायचं. सबिंग करा. सबस्टिट्यूट क्रेडेन्शियल वेगळं असतं, त्याला इतकं सगळं लागत नाही, काही कॉलेज क्रेडिट आणि फिंगरप्रिंट, बॅकग्राउंड चेक. डिस्ट्रिक्टमार्फत अर्ज होतो. आठवड्यातले दोन-तीन दिवस जरी गेलात तरी कळेल की वर्गात येणाऱ्या तीस मुलांना पहिल्या पाच मिनिटांत बसवायचं कसं, आणि हे आपल्याला खरंच रोज करायचंय का. मुलीच्या शाळेत एका मुलाबरोबर बसून शिकवणं आणि सातव्या तासाला नववीचा वर्ग सांभाळणं यात फार अंतर आहे, ते आधी अनुभवलेलं बरं. शिवाय प्रिन्सिपल तुम्हाला ओळखायला लागतात. माझी पहिली नोकरी सबिंग केलेल्या शाळेतच लागली.

सोबत प्रॅक्सिस देऊन टाका. ती बऱ्याच राज्यांत चालते, टेक्सासला मात्र टेक्सेस वेगळी द्यावी लागेल, तरी अभ्यास तोच. आणि सीई एकदा मिळालं की संपत नाही, तेव्हा ते काढून ठेवायला हरकत नाही, डॅलसला नाही गेलात तर लगेच उपयोगी. फक्त नोकरी धरून प्रोव्हिजनलवर जायचं ते राहण्याचं नक्की झाल्यावरच.

टेक्सासकर

यात एकच भर घालतो, खाजगी शाळांना बहुतेक राज्यांत राज्याचं सर्टिफिकेट लागत नाही. पगार कमी असतो पण गणित येणारं माणूस त्यांना हवंच असतं. वर्षभरासाठी तिथेही विचारून बघा. फक्त एवढं लक्षात ठेवा की तिथला अनुभव प्रत्येक पब्लिक डिस्ट्रिक्ट पगाराच्या पायऱ्यांत मोजेलच असं नाही.

आणि पेन्शनचं माहीत असू द्या, कुणी आधी सांगत नाही. टेक्सासच्या बहुतेक डिस्ट्रिक्टमध्ये शिक्षकांचा सोशल सिक्युरिटी कापला जात नाही, सगळं टीआरएस या शिक्षकांच्या पेन्शन खात्यात जातं. कॅलिफोर्नियातही शिक्षकांचं वेगळंच खातं. न्यू जर्सीत मात्र दोन्ही कापतात. राज्य बदलणाऱ्याने याचा हिशोब आधीच करून ठेवलेला चांगला.

पाटीपेन्सिल

ट्रान्स्क्रिप्टचा अर्ज आत्ताच भरला, नाव बदलल्याचं गॅझेटही सापडलं. आमच्या डिस्ट्रिक्टच्या साइटवर सबसाठी जागा आहेत, उद्या फोन करते. एक शेवटचं विचारते, मुलाखतीला डेमो लेसन घ्यायला सांगतात म्हणे, त्यात नक्की काय बघतात?

खडू_डस्टर

वीस-पंचवीस मिनिटं देतात, बऱ्याचदा खऱ्या वर्गात, कधी नुसते तीन-चार शिक्षक विद्यार्थी बनून बसतात. विषय येतो की नाही हे ते तुमच्या डिग्रीवरून धरूनच चालतात. बघतात ते हे की तुम्ही किती वेळ स्वतः बोलता आणि मुलांना कधी बोलू देता, चुकीचं उत्तर आलं तर काय करता. पाठ टाचण छापून न्या, प्रत्येकाला एक प्रत. त्यात लिहा की या तासाच्या शेवटी मुलं कुठला प्रश्न स्वतः सोडवतील आणि तो शेवटी त्यांना कागदावर सोडवायला द्याच, इथे त्याला एक्झिट तिकीट म्हणतात. मोठा विषय घेऊ नका. दोन ऋण संख्यांची वजाबाकी एवढी एकच गोष्ट घेतलीत तरी पंचवीस मिनिटं पुरत नाहीत, आणि संख्यारेषा फळ्यावर भरपूर मोठी काढा, मागच्या बाकावरून दिसली पाहिजे.

नेमणुका आपल्याकडे मुख्यतः मार्च ते जूनमध्ये होतात, गणिताच्या जागा ऑगस्टमध्येही निघतात कारण कुणीतरी ऐनवेळी जातं. आणि मुलाखतीत शेवटी तुम्हाला काही विचारायचंय का म्हणतील, तेव्हा मेंटॉर कोण असणार आणि त्यांचा आणि माझा मोकळा तास एकाच वेळी आहे का, हे विचारा. तास जुळत नसतील तर त्यांना तुमच्या वर्गात येताच येणार नाही.